मान खान्देशात, बाकी तुझ्याकडे

शिरपूर,
३ जून

प्रिय नान्या,

तुझं पत्र मिळालं. दुकानात पंधरा-वीस हजारांत बरा बास (खालच्या, जाड सुरांची गिटार) मिळत असताना भाच्यासाठी घरी बास करायला मी लाकडं का तासत बसलो, हा तुझा प्रश्न आमच्या ताईनेही विचारला होता. तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देतो, कारण पत्राच्या खाली बारीक अक्षरात तू "माझ्यासाठीही एक होईल का रे?" असं लिहिलंयस आणि त्याचं उत्तर याच उत्तरात दडलंय.

भाचा ऑर्केस्ट्रात वाजवतो हे तुला माहीत आहे. आमच्याकडची हळद रात्री नऊला सुरू झाली की कधी संपेल हे नवरदेवाचे मित्र ठरवतात. तेवढा वेळ गळ्यात बास. त्याचा जुना बास जड तर होताच, शिवाय हात सोडला की डोकं थेट जमिनीकडे जायचं. म्हणजे डावा हात सूर दाबायला कमी आणि मान उचलून धरायला जास्त. त्यात पोराची बोटं आखूड. दुकानातला बास सरासरी माणसासाठी केलेला असतो, आणि सरासरी माणूस काही हळदीत वाजवायला येत नाही.

तू म्हणतोस तसा ३० इंची छोटा बास करता आला असता. मुद्दाम नाही केला. तारेची मोकळी लांबी, घोडीपासून (बॉडीवर तारा टेकतात तिथून) डोक्याकडच्या हाडाच्या पट्टीपर्यंतची, नेहमीच्या बासला ३४ इंच असते, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. तीच तार त्याच सुरात ३० इंचांवर लावली तर ताण साधारण २२ टक्क्यांनी उतरतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतो. वरच्या तारांना ते खपतं. पण सगळ्यात जाड ई तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा हलते. ती सैल पडली की सुराऐवजी नुसती थडथड. (जाड तारा लावल्या की झालं, असं म्हणशील. होतं, पण तो आवाज मला आवडत नाही.) तेव्हा लांबी ३४ चीच ठेवली, मान डोक्यापाशी ३८ मिलिमीटर रुंदीची, म्हणजे बारीक केली आणि बॉडीचं वरचं शिंग इतकं लांब काढलं की पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या (मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या तारा, त्या फ्रेट) समोर येतं. आता दोन्ही हात सोडले तरी बास आडवाच राहतो.

पण हे सगळं कागदावरचं. खरं काम मानेत आहे, नान्या. बास म्हणजे मान. बॉडी ही तिला धरायची सोय. चार तारांचा ताण मिळून ऐंशी किलोच्या घरात जातो. तो पेलायचा कोणी, तर जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर जाडीच्या एका काठीने, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. तीही अगदी सरळ नको, तारेला हलायला जागा हवी म्हणून मध्यावर किंचित पोट हवं. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि सातव्याच्या वर, तारेखालून लग्नपत्रिकेचा कागद सरकवून बघायचा: अडकत अडकत गेला पाहिजे. साधारण ०.३ मिलिमीटर. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

लाकडाचा प्रश्न आमच्या गल्लीनेच सोडवला. इकडे धाब्याची घरं पाडून स्लॅब टाकणं जोरात चाललंय. वरची माती उतरवली की खालून सागाचे कडी-पाट निघतात, धुराने काळे पडलेले. लोक ते वखारीत घनफुटाच्या भावाने घालून मोकळे होतात. मला वाईट वाटतं आणि मी ते विकतही घेतो, दोन्ही खरं. त्या सागाला जेवढं वाळायचं, वाकायचं, चिरायचं होतं तेवढं सगळं माझ्या जन्माआधीच होऊन गेलंय. नव्या सागावर असा भरवसा ठेवता येत नाही. काम मात्र सोपं नाही. आधी लोहचुंबक फिरवून जुने खिळे शोधायचे, नाहीतर रंध्याच्या पात्याला खिंड पडते. खिळे नसले तरी सागात मुळातच सिलिका असते, ती पात्याची धार खाते. आणि साग तेलकट, त्यामुळे जोड धरायचा तर चिकटवण्याआधी थिनरने पुसून लगेच गोंद लावावा लागतो, तेल पुन्हा वर येण्याच्या आत.

मानेसाठी तीन पट्ट्या काढल्या, वर्षांच्या रेषा उभ्या येतील अशा फाडून, आणि मधली उलटी फिरवली, म्हणजे एकीला वाकायची लहर आली तर बाकीच्या दोघी अडवतात. पट्ट्या कापून लगेच चिकटवल्या नाहीत. एक पावसाळा आणि एक उन्हाळा माळ्यावर पडू दिल्या. आमचे मिस्तरी, ज्यांच्या हातच्या तिफणी आणि वखर अजून पंचक्रोशीत चालतात, ते येता-जाता एक डोळा मिटून पट्टीच्या धारेवरून नजर टाकायचे आणि काही न बोलता ठेवून द्यायचे. उन्हाळा संपताना एकदाच म्हणाले, "आते लाव."

फ्रेटबोर्डला, म्हणजे फ्रेट बसतात त्या मानेवरच्या फळीला, शिसव मिळत होता. मी सातपुड्याकडचा अंजन घेतला. जुनी, पक्की कोरडी फळी होती, आणि तरीही पाण्यात टाकली तर बुडेल इतकी जड. मिस्तरींनी पटाशी लावून पाहिली, पटाशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाई लाकूड नही, लोखंड शे." मला तेच हवं होतं. रोज तारा घासून त्यावर खड्डे पडायला नकोत.

आता फ्रेटच्या खाचा. इथे गणित आवडणारा तू असतास तर मजा आली असती. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचं; जे येईल तेवढ्यावर पुढचा फ्रेट. पहिला ४८.४७ मिलिमीटरवर, पाचवा २१६.६ वर, बारावा बरोबर निम्म्यावर, ४३१.८ वर. पूर्वी सरळ अठराने भागायचे. हा १८ चा नियम गॅलिलिओचे वडील विन्सेन्झो गॅलिली यांनी सोळाव्या शतकात ल्यूट या युरोपातल्या तंतुवाद्यासाठी मांडला. आमच्या लांबीवर तो लावून पाहिला तर बारावा फ्रेट तीन मिलिमीटर आधीच पडतो. बासवर तीन मिलिमीटर म्हणजे कानाला सरळ बोचेल. आणि मोजायचं नेहमी डोक्याकडच्या पट्टीपासून, एका फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंत कधीच नाही; नाहीतर केसाएवढी चूक वीस फ्रेटांत बोटाएवढी होते.

फ्रेट ठोकून, मार्करने काळे करून, सपाट कानशीने घासत जायचं. जिथली शाई उडत नाही तो फ्रेट बसका. हे करताना मला मिरज आठवली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तू वाचलंच असशील. तिथला कारागीर घोडीला जवारी काढताना तार घोडीवर हलकीच घासली जावी म्हणून जीव टाकतो, त्या घासण्यातच तंबोरा गातो. आणि इथे माझी सगळी कानस कशासाठी, तर तार कुठेही घासू नये म्हणून.

या कामाला आपला खान्देश फार सोयीचा, हे मात्र मला आधी सुचलं नव्हतं. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, फ्रेटची तार आक्रसत नाही, मग मानेच्या कडेने फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला ओरखडतात. दमट गावात केलेला बास इकडे आणला की हे हमखास होतं. पण मी टोकं घासली ती मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना. लाकूड त्याहून जास्त आक्रसणं आता शक्य नाही. जगात लोक यासाठी हवा कोरडी करायची यंत्रं लावतात. आमच्याकडे पत्र्याची खोली पुरते.

पिकअपचं (तारेच्या हलण्यातून वीज काढणारं, तारांखालचं चुंबकाचं वेटोळं) काम मी रिवाइंडिंगवाल्याकडे नेलं. केळीवाल्यांच्या, कापूसवाल्यांच्या पंपाच्या मोटारी भरण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. त्याला ४२ गेजची तार दाखवली, ०.०६३ मिलिमीटर, केसासारखी. म्हणाला, "इतला बारीक तार? फुंक मारी ते उडी जाई." दोन तुकड्यांचा पिकअप, दर तुकड्याला दहा हजारांच्या आसपास वेढे. यंत्रावर नाही, हाताने ताण देत भरले त्याने, आणि मधे कोणाला दुकानात येऊ दिलं नाही. शेवटी मीटर लावला तर साडेदहा किलोओहम. आयुष्यभर दोन-चार ओहम बघितलेला माणूस, तो मीटरच बिघडलाय म्हणून दुसरा घेऊन आला. मग त्याला सांगितलं की हे तुझ्या मोटारीचंच उलटं आहे: तिथे वीज जाते आणि लोखंड फिरतं, इथे लोखंडी तार हलते आणि वीज येते. त्याला ते इतकं पटलं की पैसे अर्धेच घेतले.

दोन तुकडे का, तर घरघरीसाठी. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे मांडवातल्या जनरेटरची घरघर जवळपास सुरातच, पण किंचित चढी, आणि हे साफ बेसूर असण्यापेक्षा वाईट. दोन्ही तुकड्यांचे वेढे एकमेकांविरुद्ध आणि चुंबकही एकमेकांविरुद्ध लावले की तारेचा आवाज बेरजेत येतो आणि घरघर वजाबाकीत जाते. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासला १९५७ पासून असाच पिकअप आहे. तो बास १९५१ मध्ये ज्याने आणला तो लिओ फेंडर गिटार वाजवत नव्हता, कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करायचा. आमच्या रिवाइंडिंगवाल्याला हे सांगितल्यापासून तो मला शिष्य समजतो.

बॉडी शिवणीची, हलकी. बांधावर वादळात पडलेलं झाड होतं. रंग नाही, नुसतं तेल. खुंट्या, घोडी, फ्रेटची तार आणि मानेचं पोट कमी-जास्त करायचा आतला लोखंडी रॉड विकत आणला. त्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही.

तर तुझ्या बासबद्दल. करू, पण अर्धाच मी. बॉडी तू चिपळूणला कर. फणसाची केलीस तरी चालेल, माझं काही म्हणणं नाही. मान मात्र इथेच होणार आणि पुढच्या मेमध्येच होणार. तुझ्याकडच्या पावसात ती थोडी हलेल, तेव्हा रॉडला पान्याने पाव फेरा द्यायचा, त्याहून जास्त एका दिवशी नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ये, म्हणजे कोरड्या दिवसांत राहणं होईल आणि पुरणपोळी-आमरसही. येण्याआधी तुझ्या डाव्या पंजाचा कागदावर काढलेला आकार पाठव, बोटं पूर्ण ताणून. मी सरासरी माणसासाठी करत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. भाच्याचा जुना बास विकायचा आहे. जड आहे, पण तुझ्या थोरल्याला बसून शिकायला चालेल. भाचा सहा हजार सांगेल. तू तीनपासून सुरू कर, आणि मी सांगितलं असं बोलू नकोस.