हेज केलेला इंडेक्स फंड 'कॉम्प्लेक्स' कसा?

मा. संपादक,

माझा भाचा जर्मनीत असतो, तो युरोत हेज केलेला (म्हणजे डॉलर-युरोच्या चढउताराचा फटका टाळणारा) अमेरिकन शेअर्सचा इंडेक्स फंड (शेअर निर्देशांकाची नक्कल करणारा फंड) घ्यायला गेला तर ब्रोकरच्या ॲपने आधी त्याची प्रश्नोत्तरांची परीक्षाच घेतली, का तर म्हणे हे प्रॉडक्ट कॉम्प्लेक्स, म्हणजे गुंतागुंतीचं आहे, आत करन्सी फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा चलनाचा भाव आजच ठरवणारे करार) आहेत. मला हे अजिबात पटलेलं नाही. युरोपात जानेवारी २०१८ पासून मिफिड-२ चे, म्हणजे गुंतवणूक विक्रीचे नियम आहेत, त्यात साधा यूसिट्स फंड (सामान्य गुंतवणूकदारांसाठीचा युरोपीय नियमांतला म्युच्युअल फंड) कॉम्प्लेक्स धरत नाहीत, स्ट्रक्चर्ड यूसिट्स धरतात, म्हणजे ज्याचा परतावा ठरलेल्या तारखेला कुठल्यातरी फॉर्म्युल्याने निघतो तो. हेज केलेल्या इंडेक्स फंडात असलं काही नसतं.

आणि फॉरवर्ड काय असतं ते आपल्या निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही द्राक्ष एक्सपोर्टरला विचारा. माल युरोपला गेला, पैसे नंतर येणार, तोवर युरो पडला तर फटका, म्हणून तो बँकेत आजच भाव बांधून ठेवतो. फंडवालेही तेच करतात, साधारण दर महिन्याला जुना करार संपवून नवा करतात, मधल्या दिवसांत इंडेक्स वर गेला तर तेवढा वाढीव भाग उघडा, म्हणजे हेजशिवाय राहतो. रोज एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत कळते, आणि घातलेल्या पैशापेक्षा जास्त तोटा होत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. हेज म्हटलं की लोकांना वाटतं सेफ. तसं नाहीये! हेज फक्त चलनाचा, शेअर्स पडले की पडझड पूर्ण अंगावर येते. २०२२ मध्ये एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स) सुमारे १९ टक्के पडला पण डॉलर ७४ रुपयांवरून ८२ च्या पुढे गेला, त्यामुळे हेज नसलेल्या फंडात आपल्या माणसाचा रुपयातला तोटा १० टक्क्यांच्या आसपासच राहिला, हेज असता तर हा आधार गेला असता. हां, आपलं व्याज अमेरिकेपेक्षा जास्त असल्याने पुढच्या तारखेचा डॉलर विकताना थोडा जास्त भाव मिळतो, पण तो काही एवढी घसरण भरून काढणारा नव्हता. जर्मनीतल्या माणसाचं उलट, तिकडे व्याज कमी म्हणून डॉलर हेज करायला खर्च पडतो. म्हणजे एकच फंड पण कोण कुठे राहतो त्यावर गणित बदलतं.

आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीचा रिस्कोमीटर, म्हणजे फंडाचा धोका पायऱ्यांत दाखवणारा तक्ता आहे, २०२१ पासून त्यात 'व्हेरी हाय' ही सहावी पायरी आली, पण तो धोका सांगतो, गुंतागुंत नाही. एकाच कंपनीचा शेअर कळायला सोपा असतो पण शून्यावरही जाऊ शकतो, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. परीक्षा घेण्यापेक्षा प्रत्येक हेज केलेल्या फंडाच्या फॅक्टशीटवर (माहितीपत्रकावर) पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिहा ना, किती टक्के हेज आहे, करार किती दिवसांनी बदलतात, त्याचा वर्षाला खर्च की फायदा किती, आणि शेअर्स पडले तर हेजचा काही उपयोग नाही. सेबीने हे सक्तीचं करावं आणि आपल्या पेपरने ही मागणी लावून धरावी.

एक वाचक, इंदिरानगर, नाशिक