बंडूच्या वेळापत्रकाने चालणारी गाडी

तीर्थरूप आई व बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी तुम्हा दोघांना आमच्याबरोबर प्रवासाला चला म्हटले, तेव्हा बाबांनी विचारले, "एवढ्या लांबच्या प्रवासाला त्या मुक्या जनावराला कशाला फरपटत नेता?" त्याच वेळी मागून आईचा आवाज आला की बाबांना खरी काळजी स्वतःच्या गुडघ्यांची आहे, नाव मात्र आमच्या कुत्र्याचे, बंडूचे, पुढे करत आहेत. दोन्हींना मिळून एकच उत्तर आहे आणि ते फोनवर मावले नसते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बंडू घरात येण्यापूर्वीचे आमचे प्रवास तुम्हाला ठाऊकच आहेत. तुमचे जावई पहाटे गाडी चालवायला बसायचे ते मुक्काम गाठल्याशिवाय उतरायचे नाहीत, आणि मुलांनी थांबण्याचा हट्ट धरला की "आता आलेच" हे ठरलेले उत्तर मिळायचे. कुत्र्याला असे सांगता येत नाही. त्याला दर दोन-तीन तासांनी खाली उतरवावे लागते, पाणी पाजावे लागते आणि पाय मोकळे करू द्यावे लागतात. त्यामुळे एका दिवसात किती अंतर कापले याची फुशारकी आपोआप संपली. बाबांच्या डॉक्टरांनी "सलग बसून राहू नका" म्हणून जे बजावले आहे, ते आमच्या गाडीत बंडूमुळे कधीपासूनच पाळले जाते.

उन्हाचेही तसेच. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच ३८ ते ३९ अंशांच्या घरात असते, आणि त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांतून, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायला धापा टाकणे हाच त्याचा मुख्य मार्ग. बाहेर २१ अंशांची सुखद हवा असली तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा ४० च्या आसपास जातो, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून त्याला गाडीत एकटे सोडायचे नाही हा आमच्याकडचा पहिला नियम. दुपारच्या रणरणत्या उन्हात आम्ही गाडी चालवत नाही आणि डांबरावर हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकवून पाहिल्याशिवाय त्याला उतरवत नाही. बाबा, वय वाढले की तहान लागल्याची जाणीव मंदावते. तेव्हा बंडूचे भांडे भरले की तुमचाही पेला भरला जाईल, आणि त्यावर वाद चालणार नाही.

वळणावळणांच्या डोंगरी रस्त्यावर पहिल्या वर्षी त्याचे फार हाल झाले. पिल्लांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, म्हणून त्यांना गाडी अधिक लागते. पुढे बऱ्याच जणांचा हा त्रास कमी होतो. उलटी होण्याआधी तो लाळ गाळतो, ओठ चाटतो आणि एकामागून एक जांभया देतो. धाकटीला स्वतःला गाडी लागत असल्याने ही लक्षणे तिला आम्हा सर्वांआधी कळतात. एकदा दाट धुक्यात तिने "थांबवा, जांभया सुरू झाल्या" असे ओरडून सांगितले. परंतु मागे ट्रकची रांग आणि कडेला जागा नाही, अशा स्थितीत बंडूने आपला कार्यभाग थोरल्याच्या बुटात उरकला. तेव्हापासून निघण्याआधी तीन-चार तास त्याला खायला देत नाही, आणि थोरला बूट पायांतून काढत नाही.

तथापि खरी धांदल उडाली ती एका कुसळामुळे. माळरानावर मनसोक्त हुंदडून आल्यावर रात्री मुक्कामी तो पुढचा एक पंजा सारखा चाटू लागला. थोरल्याने विजेरी धरली, धाकटीने डोके मांडीवर घेतले आणि मी बोटांमधले केस बाजूला करून पाहिले, तर लालसर फुगलेल्या कातडीतून गवताचे जेमतेम दिसणारे टोक बाहेर आले होते. कुसळावरचे बारीक काटे मागे वळलेले असतात. ते एकदा शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. चिमट्याने ते अखंड बाहेर येईपर्यंत बंडू हूं की चूं न करता माझ्याकडे पाहत राहिला. आता प्रत्येक थांब्यानंतर बोटांच्या फटी, कान आणि काखा तपासल्या जातात. गोचीड सापडली तर तिला कातडीलगत धरून सरळ ओढायचे; तेल, रॉकेल यांचे प्रयोग करायचे नाहीत.

बाबा, तुम्हाला जुन्या हकिकतींची आवड म्हणून सांगते. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाचे डॉक्टर सिवॉल क्रॉकर या मेकॅनिकला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून न्यू यॉर्कला मोटारीने गेले. मोटारीने अमेरिका आडवी पार करणारे ते पहिलेच, आणि त्याला ६३ दिवस लागले. वाटेत आयडाहोत त्यांनी बड नावाचा बुलडॉग घेतला. मोटार उघडी, रस्ते धुळीचे. धुळीने त्याचे डोळे लाल होऊ लागले तेव्हा त्यालाही माणसांसारखा गॉगल चढवण्यात आला. तो गॉगल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवला आहे. आमचा बंडू गॉगल दोन मिनिटेही टिकू देत नाही, त्यामुळे खिडकीबाहेर डोके काढण्याची त्याला मुभा नाही.

त्याची जागा मागच्या सीटवर आहे. छातीवरून जाणारा पट्टा सीटबेल्टला अडकवलेला असतो, कारण करकचून ब्रेक लागला तर मोकळा कुत्रा पुढे भिरकावला जातो. स्वतःलाही इजा करून घेतो आणि पुढच्या माणसालाही. समोरची सीट एअरबॅगमुळे त्याच्यासाठी धोक्याची, म्हणून ती बाबांना. आईला केसांचा तिटकारा आहे हे मी विसरलेले नाही. तिच्या आणि बंडूच्या मध्ये धाकटी बसेल आणि सीटवर धुतलेली चादर असेल.

मुक्कामाच्या जागी कुत्रा चालेल का, हे आता आम्ही लेखी विचारून घेतो. एका ठिकाणी फोनवर होकार देऊन दारात नकार मिळाला होता आणि ती रात्र दुसरी जागा शोधण्यात गेली. त्याच्या लसीकरणाचे पुस्तक ज्या पिशवीत असते त्यातच तुमचे कागद ठेवू.

तेव्हा बाबांनी औषधांची यादी, त्यांच्या वेळा आणि डॉक्टरांची अलीकडची चिठ्ठी पाठवावी. आईने किती वाजता उठायचे ते आधीच ठरवून टाकावे, कारण आम्ही उजाडण्यापूर्वी निघतो. मुक्काम ठरवण्याआधी तुमचे उत्तर हवे आहे, म्हणून याच महिन्यात कळवावे.

तुमची,
लेक