खसखशीविना अनारसे

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

आई-बाबांची दुबईत माझ्या दिरांकडची दिवाळी छान झाली, दोघंही सुखरूप परत आले. तोंडावर आभार मानले तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही चहा टाकायला उठाल, म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे.

तिकडे काय न्यावं नि काय नेऊ नये, याच्या याद्या पुष्कळांनी पाठवल्या होत्या. 'अमली पदार्थ नेऊ नयेत' हे वाचून आमच्या घरात कोण दचकणार? तुम्ही शारजात संसार केलेल्या. तुम्ही थेट विचारलंत, "अनारसे कशावर थापणार?"

खसखशीवर, अर्थात. पण खसखस अफूच्या बोंडातली, आणि अमिरातीत तिला बंदी. अनारसे मग तिळावर थापले गेले. पाठोपाठ गोड्या मसाल्याची चौकशी! त्यातही आईंची खसखस असतेच. तुम्ही बसून ती वगळून वेगळा मसाला भाजून दिलात. खोबऱ्याच्या वाट्या तर सरळ बाजूला काढल्यात. सुकं खोबरं तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते नेऊ देत नाहीत. आई हटून बसल्या, तेव्हा "तिथल्या करामा भागातल्या दुकानांत सगळं मिळतं हो, वजन कशाला वाहायचं?" एवढंच म्हणालात. बाबांच्या पानाच्या डब्याकडे तुम्ही नुसतं पाहिलंत. तो त्यांनी आपणहून कपाटात ठेवला. (आम्हाला हे आजवर जमलेलं नाही.)

पण खरे उपकार औषधांचे. आईंच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं चष्मा लावून तुम्ही एकेक वाचलीत. एकात ट्रामाडोल हे वेदनाशामक निघालं. आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात, तिकडे ते नियंत्रित औषधांत मोडतं आणि नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर तेही तसंच. तुमच्यामुळे आम्ही वेळेत डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोळी बदलून दिली. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटातच, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवल्या. आईंच्या त्या सुप्रसिद्ध आठवड्याच्या डबीला सुट्टी!

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरली आहे ना, पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत तर नाही ना, हेही तुम्हीच पाहिलंत. कोणाच्या बॅगेत इतकं डोकं घालणं सगळ्यांना आवडत नाही, हे मला माहीत आहे. आम्हाला आवडलं.

तिळाचे अनारसे दिरांच्या शेजाऱ्यांनीही मागून नेले. आई आता म्हणतात, घरीसुद्धा असेच करू. मला खसखशीचेच आवडतात, पण हे त्यांना सांगू नका.

तुम्ही दिलेला तीन चौकोनी पिनांचा प्लग आणि तुमच्यासाठी आणलेला खजूर घेऊन रविवारी सकाळी वर येते. काकांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय, तेव्हा खजुराचा डबा त्यांच्यासमोर उघडू नका.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सूनबाई