होळीच्या आधी ये

चाळीसगाव

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींना घेऊन पाटणादेवीच्या जंगलात येतेस, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त ते रानफुलांच्या गालिच्यांचं मनातून काढ. गालिचे भादव्यात. फाल्गुनात आपल्या खानदेशात गवत वाळून पिवळं पडतं आणि फुलतात ती झाडं. मान वर करून चाला.

पळस सध्या ऐन भरात आहे. लोक लांबून फोटो काढतात आणि हाती नुसता केशरी पुंजका लागतो. तू एक फूल जवळून बघ. तोडू नकोस, झाडाखाली ताजी पडलेली असतात. देठाकडची वाटी काळपट, मखमली. पाकळ्यांवर बारीक रुपेरी लव. त्यातली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, ती अलगद उघड. आत दहा पुंकेसर दिसतील, नऊ एकमेकांना चिकटलेले आणि एक सुटा. आपल्या शेतातल्या हरभऱ्याच्या फुलातही हेच सापडेल, दोघांचं कूळ एकच. मला तर याचं दरवर्षी नव्याने नवल वाटतं.

भर उन्हात हा केशरी रंग मोबाइलवर भडक येतो, पाकळीवरच्या शिरा पार पुसल्या जातात. म्हणून सकाळी लवकर निघा. स्क्रीनवर फुलावर बोट ठेवून उजेड थोडा उतरव.

आणि नुसत्या फुलाचा फोटो काढून पुढे जाऊ नकोस. काटेसावर आणि पांगारा दोन्ही लाल, दोन्हींना काटे, दोन्हींवर या दिवसांत पान नाही. घरी आल्यावर ओळखायचं कसं? फूल समोरून, मग बाजूने, मग खोड, मग अख्खं झाड, एवढं घे. सावरीचं फूल तळहाताएवढं, पाच जाड पाकळ्यांचं. पांगाऱ्याची फुलं तुऱ्याने येतात. खडकाळ उतारावर उघड्या फांद्यांच्या टोकाला पिवळीधमक फुलं दिसली, तर तो गणेर. तिथे जरूर थांब.

पुढे सातपुड्यात पाल गावाकडे गेलात तर मोहाचं झाड भेटेल. त्याची फुलं पहाटे गळतात. ती वेचणाऱ्या बायकांवर विचारल्याशिवाय कॅमेरा धरायचा नाही आणि पडलेल्या फुलांवर पाय द्यायचा नाही. ती वाळवून विकली की त्यांच्या घरात पैसा येतो.

पाटणादेवीचं जंगल गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं, १९८६ पासून. वनखात्याच्या चौकीवर आधी विचारूनच आत जा. आगपेटी नको, पाचोळा एका ठिणगीत पेटतो. अत्तरही नको, कड्यांना आग्या मोहोळं असतात. पाणी भरपूर घ्या, झरे आटलेत.

होळी उलटली की पळस झडायला लागतो, तेव्हा त्याआधीच ये. आई कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून देणार आहे. किती जणी येताय ते तेवढं कळव.

तुझे,
बाबा