शत्रूला माहीत होतं, आपल्याला नव्हतं

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. "आई, अशा युद्धाच्या दिवसांत ग्रुपवर सरकारविरुद्ध लिहू नकोस. त्याने शत्रूचं फावतं, आणि घरातले लोकही दुखावतात." घरातले लोक माझ्या लिहिण्याने तीस वर्षं दुखावत आले आहेत, त्याचं काही नाही. पण शत्रूचं फावतं हे तू लिहावंस, याने मात्र मी भडकले. फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता आणि तू "बरं बरं" म्हणून फोन ठेवला असतास. म्हणून पत्र. सावकाश वाच.

तुझ्या म्हणण्याची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत आहे. सरकारने युद्धाच्या नावाखाली एखादी गोष्ट दडवली की विचारायचं, ती शत्रूला आधीच ठाऊक होती का? ठाऊक असेल, तर मग ती दडवली कुणापासून?

१९६२ घे. आपल्याकडे त्या युद्धाबद्दल भावना उदंड आहेत आणि माहिती तुटपुंजी. चीनने आपण आपला म्हणतो त्या लडाखमधल्या अक्साई चिनमधून तिबेट आणि शिनजियांग जोडणारा रस्ता बांधला. तो पुरा झाल्याची बातमी १९५७ मध्ये चिनी वर्तमानपत्रांतच आली आणि आपल्या तिथल्या वकिलातीने ती दिल्लीला कळवली. १९५८ मध्ये आपली गस्ती पथकं पाहणीला गेली, त्यातलं एक चिन्यांनी पकडलं. त्याच ऑक्टोबरमध्ये आपण चीनला याबद्दल लेखी विचारणाही केली. म्हणजे बांधणाऱ्याला माहीत, विचारणाऱ्याला माहीत. भारताच्या संसदेला हे कधी कळलं? ऑगस्ट १९५९ मध्ये. चिनी सैनिकाला जे ठाऊक होतं ते आपल्या खासदाराला ठाऊक नव्हतं. आणि कळल्यावर पंतप्रधान नेहरूंकडून ऐकायला काय मिळालं, तर तिथे गवताचं पातंसुद्धा उगवत नाही.

नेहरूंना ऊठसूट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही, हे तुला माहीत आहे. त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे. पण आदर आहे म्हणून हिशेब सोडून द्यायचा, हे मला जमत नाही.

१२ ऑक्टोबर १९६२ ला श्रीलंकेला निघताना पंतप्रधानांनी पत्रकारांना सांगितलं की आपली भूमी मोकळी करण्याचे आदेश लष्कराला दिले आहेत. देश खूश झाला. ज्यांनी ती मोकळी करायची होती ते जवान तेव्हा ईशान्य सीमेवरच्या नामका चू नावाच्या नदीकाठी खोलगट जागेत बसले होते. थंडीचे कपडे अपुरे, काडतुसं मोजकी, तोफा नावापुरत्या. विमानातून टाकलेलं सामान दऱ्यांत जाऊन पडायचं. समोरच्या थागला कड्यावरून चिनी सैनिक हे सगळं वरून पाहत होते. तिथल्या अधिकाऱ्यांनी ही जागा लढाईची नाही असं वर कळवलेलं होतं. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत ती ब्रिगेड मोडली, तिचे ब्रिगेडियर जॉन दळवी पुढे युद्धकैदी झाले. आता सांग, आपल्या जवानांकडे काय नाही हे कुणाला माहीत नव्हतं? कड्यावरच्या चिन्याला? माहीत नव्हतं ते सकाळी पेपर उघडणाऱ्या माणसाला.

जवानांचं नाव घेऊन गप्प बसवणाऱ्यांना मी रेझांग लाची गोष्ट विचारते. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये १३ कुमाऊं या पलटणीची एक कंपनी मेजर शैतान सिंहांच्या हाताखाली तिथे लढली. सव्वाशेच्या आसपास माणसं, त्यातली शंभरावर मेली. जे मोजके जिवंत परतले त्यांनी काय घडलं ते सांगितलं, तर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवेना. पळून आलात म्हणून संशय! पुढे बर्फ उतरायला लागल्यावर, १९६३ च्या सुरुवातीला, मोर्च्यांमध्ये गोठलेले देह सापडले, हातात शस्त्रं तशीच धरलेली. मग परमवीर चक्र, मग स्मारक, मग भाषणं. जवान खरं सांगत होता तेव्हा तो खोटारडा, आणि मेल्यावर मात्र नागरिकाचं तोंड दाबायला त्याचा फोटो उपयोगी. या एका गोष्टीने माझं डोकं अजून फिरतं.

ईशान्य सीमेकडचं बोमदिला चिन्यांच्या हाती पडल्यावर आसामातल्या तेजपूरमध्ये सरकारी अधिकारी निघून गेले, बँकेतल्या नोटा जाळल्या गेल्या, मनोरुग्णालयातले रुग्ण बाहेर सोडून दिले गेले. पंतप्रधान रेडिओवर म्हणाले की आसामच्या जनतेबद्दल त्यांचं मन भरून आलं आहे. आसामी माणसांनी तो आपला निरोप समजला आणि ते आजही विसरलेले नाहीत. त्याच सुमारास, १९ नोव्हेंबरला, दिल्लीतून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना पत्रं गेली. लढाऊ विमानांची बारा स्क्वाड्रन पाठवा, ती चालवायला तुमचीच माणसं पाठवा. संकटात मदत मागितली यात लाज नाही. पण अलिप्ततेची शपथ घेणाऱ्या देशाच्या नागरिकांना याचा पत्ता नव्हता. पुढे संसदेत कुणी हा विषय काढला तेव्हा सरकारने कानावर हात ठेवले. आपल्या पंतप्रधानांची पत्रं आपल्याला अखेर अमेरिकेतल्या केनेडी ग्रंथालयातून वाचायला मिळाली.

मग आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य मराठी घरांत अजून छाती फुगवून म्हटलं जातं, मीही म्हणते. लष्कराने पराभवाची चौकशी नेमली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत या दोघांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. सप्टेंबरमध्ये यशवंतरावांनी संसदेत त्याबद्दल निवेदन केलं. प्रशिक्षण, शस्त्रं, हुकमांची साखळी, सेनापतींची कुवत यांवर चार शब्द सांगितले, आणि पूर्ण अहवाल छापला तर सुरक्षेला धोका होईल, सैन्याचं मनोधैर्य खचेल, असं म्हणून तो कुलपात ठेवला. राज्यकर्त्यांनी काय निर्णय घेतले हे तपासण्याचं काम त्या दोघांना मुळात दिलेलंच नव्हतं. एवढं करूनसुद्धा कुलूप!

ते कुलूप आजही आहे. २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी संसदेत म्हणाले की अहवालातला मजकूर अजूनही कारवाईच्या दृष्टीने मोलाचा आहे. २०१४ च्या मार्चमध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकून दिला. म्हणजे बीजिंगमध्ये ज्याला हवा त्याने तो वाचला. तेव्हा विरोधी पक्षात असलेले अरुण जेटली म्हणाले, असे दस्तऐवज कायमचे गुप्त ठेवणं बरोबर नाही. मे महिन्यात सत्ता बदलली. जुलैमध्ये तेच जेटली संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेला उत्तर देतात की अहवाल उघड करणं देशहिताचं नाही! चार महिने. माणूस तोच, कागद तोच, बाक तेवढं बदललं. तू मला एका पक्षाची म्हणतोस ना, तर या चार महिन्यांकडे बघ आणि माझा पक्ष कोणता ते सांग.

युद्धाच्या नावाने घेतलेले अधिकार कुठे वापरले गेले, तेही ऐक, कारण "थोडे दिवस सहन करा" हे तुझं दुसरं म्हणणं आहे. आणीबाणी २६ ऑक्टोबर १९६२ ला लागली. चीनने महिन्याभरात स्वतःहून युद्ध थांबवलं. आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये. पाच वर्षांच्या वर! मधल्या काळात आसाम आणि बंगालमधली चिनी वंशाची सुमारे ३००० माणसं, त्यात इथेच जन्मलेली, म्हातारी, पोरंबाळं, राजस्थानात देवलीच्या छावणीत नेऊन ठेवली. काही जण १९६७ पर्यंत तिथे होते. कुणाविरुद्ध खटला नाही, आजवर माफी नाही. आणीबाणीत केलेल्या भारत संरक्षण नियमांखालीच सोन्यावर नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी झाली आणि देशभरातल्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या. त्याआधी काहीच आठवड्यांपूर्वी बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीत टाकले होते. चीनचं सैन्य सोनारांनी कसं अडवायचं होतं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि आपल्या राज्यातलं प्रकरण तर तुझ्यासारख्या विज्ञानवाल्याने मुद्दाम वाचावं असं आहे. प्रभाकर संझगिरी नावाचे कम्युनिस्ट नेते याच नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. नावाप्रमाणेच अणूवर, शुद्ध शास्त्रीय. ते छापण्यासाठी बाहेर पाठवू द्या म्हणाले, तर महाराष्ट्र सरकारने नाही म्हटलं. उच्च न्यायालयाने परवानगी दिली. तेवढ्यावर गप्प बसतील ते सरकार कसलं! अपील घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथे १९६५ मध्ये हरले. मराठी वाचकाला इलेक्ट्रॉन-प्रोटॉन समजले तर देशाची सुरक्षा धोक्यात येणार होती, आणि हे सिद्ध करायला सरकारचे वकील दिल्लीत उभे राहिले. रागावू की हसू, मला ठरवता येत नाही.

तू म्हणशील युद्ध चालू असताना प्रश्न विचारायचे नसतात, नंतर विचारायचे. नंतर विचारले की काय होतं ते वर लिहिलं आहेच. पण चालू युद्धातसुद्धा विचारले गेले, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. लढाई सुरू असताना वाजपेयी नेहरूंकडे गेले आणि संसद बोलवा म्हणाले. ८ नोव्हेंबरला ती बसली. बैठक गुप्त घ्या अशी सूचना आली, ती नेहरूंनीच नाकारली. (हा त्यांचा मोठेपणा, तो मी का नाकारू?) पुढचे काही दिवस १६५ सदस्य बोलले, सरकारला नको नको ते ऐकवलं. यशवंतरावांच्या आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन तर त्याआधीच, लढाई चालू असतानाच, मंत्रिमंडळाबाहेर गेले होते, स्वतःच्याच पक्षातल्या लोकांच्या रेट्याने. त्या भाषणांमुळे चिन्यांनी एक पाऊल जास्त टाकलं असं कुणी दाखवून द्यावं.

बाहेरच्या देशांत काही वेगळं नाही. व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात ४ ऑगस्ट १९६४ ला हल्ला झाला असं सांगून अमेरिकेच्या सरकारने युद्धाचे अधिकार मागितले. तो हल्ला झालाच नव्हता. प्रतिनिधिगृहात ठरावाविरुद्ध एकही मत पडलं नाही, सिनेटमध्ये दोन पडली. इराकमध्ये सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत म्हणून २००३ मध्ये सैन्य घुसवलं, शस्त्रं सापडली नाहीत. फरक एवढाच की ब्रिटनने त्यावर चौकशी केली आणि २०१६ मध्ये अहवाल छापून लोकांच्या हातात दिला, पंतप्रधानांचं नाव घेऊन. आपल्याकडेही कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल संसदेसमोर आला, काही भाग वगळून का होईना. आभाळ कोसळलं नाही.

आणि ताजं. जून २०२० मध्ये लडाखमधल्या गलवानला चिन्यांशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले. चार दिवसांनी सर्वपक्षीय बैठकीत पंतप्रधान म्हणाले, आपल्या हद्दीत कुणी घुसलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला. ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर चिनी घुसखोरीची कबुली देणारा कागद आला आणि दोन दिवसांत काढून टाकला गेला. तो कागद चीनपासून लपवला असेल असं तुला खरंच वाटतं का?

उद्या कुठे पाणबुडी आहे, कोणती तुकडी कुठे निघाली, हे मला कुणी सांगू नये. मी विचारतही नाही. सैन्याची हालचाल हे गुपित असतं. मंत्र्याची चूक हे गुपित नसतं.

आता एक काम. मी माहिती अधिकारात अर्ज करते आहे, हेंडरसन ब्रूक्स अहवालाच्या न फुटलेल्या भागासाठी. वीस वर्षांपूर्वीची माहिती द्यावी असं कलम ८(३) म्हणतं, पण सुरक्षेचा अपवाद तिथेही चालू ठेवला आहे, त्यामुळे नकार ८(१)(अ) दाखवून येणार हे धरून चालले आहे. म्हणून अर्जातच ८(२) वर भर दिला आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते ते. माझ्या आधी पुष्कळांनी मागून पाहिलं, पत्रकार कुलदीप नायर यांनासुद्धा नकार मिळाला. अर्ज मराठीत करता येतो, फी दहा रुपये. मसुदा मेलवर पाठवला आहे. तिसऱ्या परिच्छेदातली कायद्याची भाषा मला अवघड झाली आहे, तेवढी रविवारपर्यंत बघून दे. आणि पहिल्या अपिलाची मुदत तीस दिवसांची असते, ती तारीख तुझ्या फोनमध्ये लावून ठेव, मी विसरते.

तुझी,
आई