पाचवा थर? रेघ तुटकच काढा

महोदय,

‘पृथ्वीच्या पोटात पाचवा थर सापडला’ ही २०२३ ची बातमी अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. परवा एका जुन्या विद्यार्थ्याने ती मला पाठवली आणि खाली विचारले, ‘‘सर, आता अंड्याचं काय?’’ वर्गात मी उकडलेले अंडे दोऱ्याने कापून दाखवायचो. टरफल म्हणजे भूकवच, पांढरे प्रावरण, पिवळे गाभा. (नंतर ते कोणी खायचे यावरून भांडणे व्हायची.)

अंड्याला धोका नाही. गाभा सुरू होतो सुमारे २,९०० किलोमीटरवर. आमच्या कोयना परिसरात संशोधनासाठी घेतलेले भोक ३ किलोमीटरचे! बाह्यगाभा वितळलेल्या लोह-निकेलचा. ५,१५० किलोमीटरखाली अंतर्गाभा. तिथे तापमान पाच हजार अंशांच्या वर, पण दाब इतका की धातू घनच राहतो. नवा म्हणतात तो ‘थर’ या घन गोळ्याच्याच मधोमध आहे. धातू तोच. फक्त भूकंपलहरींचा वेग दिशेनुसार बदलतो, तो तिथे बाहेरच्यापेक्षा निराळ्या तऱ्हेने. बहुधा लोहाच्या स्फटिकांची ठेवण वेगळी असावी. कल्पनाही जुनीच, २००२ ची. तेव्हा त्रिज्या ३०० किलोमीटर सांगितली होती, २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ६५० सांगितली. आकृतीत रेघ काढायचीच तर तूर्त तुटक काढावी.

खरी गोष्ट बातमीत येतच नाही. १२ जून १८९७ ला शिलाँगचा परिसर हादरला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदी तपासून लहरींचे तीन प्रकार ओळखले आणि पुढे १९०६ मध्ये त्याच वाटेने गाभ्याचा पुरावा मांडला. डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांना १९२९ च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या लहरी जिथे पोचायला नकोत अशा ‘सावली’च्या पट्ट्यातही क्षीणशा सापडल्या. आतल्या कशावर तरी आपटून त्या वळल्या होत्या. १९३६ मध्ये त्यांनी अंतर्गाभा मांडला.

हे मीही कधी शिकवले नाही. ‘‘सर, आत कोण गेलं होतं?’’ असे एका मुलीने विचारले, तेव्हा ‘‘शास्त्रज्ञांनी शोधलंय, बस खाली’’ म्हणालो होतो. मुलगी कोयनानगरची होती. ‘६७ चा भूकंप तिने घरात ऐकलेला असणार.

— एक निवृत्त भूगोल शिक्षक, कराड