'इतर' म्हणजे कोण? 64 जीबीच्या फोनमध्ये दडलेल्या जागेबद्दल तक्रार

साखळी, गोवा
दि. 22 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मोबाइल फोन उत्पादक कंपनी

विषय: मार्च 2023 मध्ये घेतलेल्या फोनमधील 'इतर' या सदराखाली गेलेल्या 18.6 जीबी जागेचा हिशेब मिळण्याबाबत.

महोदय,

आपला 64 जीबीचा फोन मी मार्च 2023 मध्ये म्हापशाच्या एका दुकानातून 11,499 रुपयांना घेतला. बिलाची प्रत जोडली आहे. वॉरंटी संपून दीड वर्ष झाले हे मला ठाऊक आहे, तेव्हा कृपया उत्तरात तेवढे एकच वाक्य लिहून पाठवू नये. फोन चालतो, बॅटरी टिकते, काचेला ओरखडासुद्धा नाही. प्रश्न आतल्या जागेचा आहे.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. यंदा चवथ 27 ऑगस्टला होती. आदल्या रात्री, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधून झाल्यावर, मी फोनमध्ये जागा करायला बसलो. गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या तालमींचे व्हिडिओ पडून होते, ते एकेक तपासून काढून टाकले. सगळे मिळून 3.1 जीबी. फोनने 'हटवले' असे सांगितले. मी निर्धास्त झोपलो.

28 तारखेला विसर्जनाआधीची शेवटची आरती. माझे वडील 84 वर्षांचे आहेत. बोटे वळत नाहीत म्हणून गेली तीन वर्षे त्यांनी घुमटाला, म्हणजे आरतीला वाजवायच्या मातीच्या तालवाद्याला, हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी पुतण्याच्या हातातले घुमट स्वतःहून मागून घेतले, शामेळ हे साथीचे चर्मवाद्य वाजवणाऱ्याला खुणेने लय धरायला लावली आणि त्यांच्या वडिलांकडून आलेली एक आरती सुरू केली. ती आमच्या घरात आता त्यांच्याशिवाय कोणाला पूर्ण येत नाही. आरती आठ-नऊ मिनिटांची आहे. एक मिनिट चाळीस सेकंदांनी फोनवर पट्टी आली: 'जागा अपुरी, रेकॉर्डिंग थांबवले.' मी दोन-चार फोटो घाईघाईने पुसले, पुन्हा बटण दाबले, पुन्हा तीच पट्टी. तोवर कांसाळे (झांजा) थांबली होती आणि मंडळी 'गणपती बाप्पा मोरया' म्हणत उठली होती. बाबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "फुडल्या वर्सा परत म्हणूंया."

याची भरपाई मी आपल्याकडे मागत नाही. ती आपल्याकडे नाहीच.

विसर्जन करून आल्यावर सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून मी आकडे कागदावर उतरवले. सिस्टिम 18.4, ॲप्स 15.2, फोटो-व्हिडिओ 9.2, ऑडिओ 1.1, डॉक्युमेंट 0.9, 'इतर' 18.6, शिल्लक 0.6. बेरीज 64 बरोबर जुळते. मामलेदार कचेरीत 31 वर्षे कारकुनी केल्यामुळे बेरीज जुळली म्हणून हिशेब खरा, असे मी मानत नाही. माझे अडीच वर्षांचे सगळे फोटो आणि व्हिडिओ मिळून 9.2 जीबी आणि या 'इतर' गृहस्थांचे त्याच्या दुप्पट! त्या ओळीवर बोट ठेवले की पुढे काहीच उघडत नाही. बाकी प्रत्येक ओळ उघडते.

आमच्या गोव्यात जमिनीचा एक-चौदाचा उतारा असतो. त्यात भोगवटदाराचे नाव असते, कुळाचे असते आणि शेवटी 'इतर हक्क' असाही एक रकाना असतो. पण त्या रकान्यातसुद्धा कोणाचा हक्क, कसला हक्क हे लिहावे लागते. नुसते 'इतर' लिहून चौथाई जमीन कोणाच्या नावे चढवणारा तलाठी मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. आपल्या फोनमध्ये पाहिला.

1 सप्टेंबरला कदंबाच्या बसने अस्नोड्यावरून म्हापशाला आपल्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. तिथल्या मुलाने फोन हातात घेऊन अर्ध्या मिनिटात निकाल दिला: "काका, रिसेट मारूंक जाय. सगळें क्लीन जातलें." मी विचारले, "आनी म्हजे फोटो?" तो म्हणाला, "ते वतले." म्हणजे ते जाणार. घरात उंदीर शिरला म्हणून घरच जाळायचे, अशातला हा प्रकार. मी फोन खिशात घालून परत आलो.

नंतरचे काम माझ्या पुतणीने आणि मी 7 सप्टेंबरच्या रविवारी केले. ती फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकते. जे सापडले ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या माणसांनी मला यातले एक अक्षरही सांगितले नव्हते.

फाइल मॅनेजरमध्ये 'लपलेल्या फाइल्स दाखवा' हा पर्याय बंद असतो. तो चालू केल्याबरोबर माझे तालमीचे व्हिडिओ जिथल्या तिथे दिसले. फक्त प्रत्येकाच्या नावाआधी एक टिंब, मग 'ट्रॅश्ड' हा शब्द आणि मग एक दहा आकडी संख्या लागली होती. नावाआधी टिंब असले की फाइल नजरेआड होते. ती संख्या म्हणजे फाइल खरोखर पुसायची वेळ, 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या सेकंदांत. पुतणीने हिशेब करून दाखवला, तारीख 25 सप्टेंबर निघाली. म्हणजे 26 ऑगस्टच्या रात्री मी पुसलेले 3.1 जीबी आरतीच्या वेळी फोनमध्येच होते आणि पुढे महिनाभर राहणार होते. चुकून पुसलेले परत मिळावे म्हणून कचरापेटी असते हे मला पटते, तिच्यावर राग नाही. पण जागा मोकळी झालेली नसताना 'हटवले' म्हणायचे? 'कचरापेटीत ठेवले, 30 दिवस जागा अडलेली राहील' एवढे लिहायला किती जीबी लागतात?

दुसरी गोष्ट मात्र मला आपली सरळ चलाखी वाटते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '8 जीबी रॅम' आहे आणि खाली बारीक अक्षरांत '4 + 4'. ही जादाची 4 जीबी रॅम, म्हणजे चालू कामासाठीची वेगवान स्मृती, नव्हेच. स्टोरेजमधलाच तुकडा तोडून फोन तो रॅमसारखा वापरतो, तोही रॅमपेक्षा पुष्कळ हळू. सेटिंग पहिल्या दिवसापासून चालू होती, मला कोणी विचारले नव्हते. म्हणजे तीच 4 जीबी आपण मला दोनदा विकली: एकदा 64 मध्ये मोजून, एकदा 8 मध्ये मोजून. आम्ही ती बंद करून फोन पुन्हा चालू केला. चार जीबी परत आले. व्हॉट्सॲप, बँकेचे ॲप, नाटकाच्या पदांची रेकॉर्डिंग एवढाच माझा वापर, त्यात तिळमात्र फरक पडलेला नाही.

मग लॉक स्क्रीनवर रोज बदलणारी चित्रे, थीम आणि आपल्याच ॲप दुकानाने आणून ठेवलेल्या पण कधी न बसवलेल्या फाइल्स मिळून 1.9 जीबी निघाले. जुन्या, केव्हाच पुसलेल्या फोटोंच्या छोट्या प्रतिमा एका टिंबवाल्या फोल्डरात साचल्या होत्या, त्या 0.8. फोटो गेले तरी त्यांच्या सावल्या राहिल्या होत्या.

12 तारखेला पुन्हा म्हापशाला गेलो. या वेळी काउंटरवर एक वयस्क तंत्रज्ञ होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, नंबर फिरवायच्या जागी एक कोड टाकला, इंग्रजी बटणांची एक यादी उघडली आणि त्यातले एक बटण दाबले. फोन स्वतःच्या कामकाजाच्या आणि बिघाडांच्या ज्या नोंदी ठेवतो, त्यांच्या, म्हणजे लॉगच्या, फाइल्स होत्या त्या. 2.4 जीबी. तो कोड इथे लिहीत नाही, आपल्याला माहीत आहेच. माझा प्रश्न एवढाच की हे बटण सेटिंग्जमध्ये का नाही? आणि 1 तारखेच्या त्या मुलाला हे शिकवलेले का नव्हते? त्या तंत्रज्ञांचे मात्र मनापासून आभार. त्यांनी एक पैसा घेतला नाही.

'इतर'मधला आतापर्यंतचा हिशेब असा: 3.1, 4.0, 1.9, 0.8 आणि 2.4 मिळून 12.2 जीबी. 18.6 मधून ते वजा केले की 6.4 उरतात. त्यांचा भोगवटदार अजून सापडलेला नाही. पुतणीच्या मते त्यातले बरेचसे 'अँड्रॉइड' फोल्डरातल्या 'डेटा'मध्ये असावे. अँड्रॉइड 11 पासून तो भाग साध्या फाइल मॅनेजरला उघडता येत नाही. एका ॲपने दुसऱ्याच्या घरात डोकावू नये म्हणून केलेली ती सोय आहे आणि ती योग्यच आहे. पण कुलूप घातल्यावर किल्लीवाल्याने तरी आत काय आहे ते सांगायला नको का?

माझ्या चुकाही लिहितो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात 'सेंट' नावाचे एक पोटफोल्डर असते. आपण पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंची आणखी एक प्रत तिथे राहते. त्यात 'नोमीडिया' नावाची रिकामी फाइल असते, ती असली की गॅलरी त्या फोल्डराकडे बघत नाही. तालमीचा प्रत्येक व्हिडिओ मी ग्रुपवर टाकत होतो आणि प्रत्येकाची प्रत तिथे साचत होती. वर चॅटचा रोजचा बॅकअप, तोही जवळपास आठवडाभराचा. हे सगळे 'फोटो-व्हिडिओ' आणि 'डॉक्युमेंट'मध्ये मोजलेले होते, माझे मी साफ केले. हा दोष आपल्या माथी मारत नाही. 64 जीबी हजाराच्या हिशेबाने लिहितात, 1024 च्या हिशेबाने ते साधारण 59.6 भरतात, याबद्दलही भांडण नाही. सगळेच तसे लिहितात.

भांडण त्या 11 ॲप्सबद्दल आहे, जी फोनबरोबरच आली आणि काढता येत नाहीत. फक्त 'बंद' करता येतात. बंद केली तरी मूळ प्रत सिस्टिमच्या भागात तशीच राहते, हाती लागतात ते फक्त त्यांचे अपडेट आणि साठवलेला डेटा. तेवढे काढल्यावर 1.3 जीबी मिळाले. यात एक पत्त्यांचा खेळ आहे, दोन बातम्यांची ॲप्स आहेत आणि एक 'क्लीनर'. हा क्लीनर तर कहर आहे. रोज सकाळी सांगतो, 'कचरा सापडला, साफ करा.' बटण दाबले की आधी जाहिरात दाखवतो, मग ॲप्सची कॅशे, म्हणजे पटकन हाताशी असावा म्हणून साठवलेला तात्पुरता डेटा, उडवतो. ॲप्स दुपारपर्यंत ती पुन्हा भरतात, कारण त्यांना ती लागते. खरोखर जागा कमी पडली तर अँड्रॉइड सिस्टिम स्वतःच कॅशे रिकामी करते. अडीच वर्षांत या झाडूवाल्याने ती 2.4 जीबीची लॉगची रास एकदाही दाखवली नाही. आपल्याच मालकाच्या अंगणातली होती ना!

माझ्या कचेरीत मुंडकारांची प्रकरणे यायची. दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्या माणसाला कोणी उठवू नये म्हणून 1975 चा कायदा झाला. इथे उलटेच आहे: जमीन माझी, पैसे मी मोजले आणि कंपनी भाटकार (जमीनमालक) होऊन मलाच पडवीत झोपायला सांगते आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये वस्तूच्या दर्जाबरोबर तिच्या प्रमाणाचीही माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. त्या हक्काने मी मागतो आहे: माझ्या फोनमधल्या उरलेल्या 6.4 जीबीचा नावनिशीवार खुलासा लेखी मिळावा. पुढच्या अपडेटमध्ये 'इतर' ही ओळ उघडेल असे करावे आणि लॉग पुसायचे बटण ग्राहकाला सेटिंग्जमध्ये द्यावे. वाढीव रॅम ग्राहकाला विचारल्याशिवाय चालू ठेवू नये, आणि खोक्यावर 64 च्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, पहिल्या दिवशी हाती खरोखर किती जीबी येतात तो आकडा छापावा. ती 11 ॲप्स काढता येतील असे केले तर उत्तमच, पण त्याबाबत मी फारशी आशा धरून नाही.

30 दिवसांत उत्तर आले नाही तर मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करीन आणि मग उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही आणि निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

उत्तर मराठीत दिलेत तर वडिलांनाही वाचून दाखवता येईल. ते रोज विचारतात. फोन करणार असाल तर दुपारी दोन ते चार सोडून करावा.

आपला,
(सही)
निवृत्त अव्वल कारकून, साखळी

सोबत: बिलाची प्रत, खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, स्टोरेजचे चार स्क्रीनशॉट. पहिला स्क्रीनशॉट 28 ऑगस्टच्या रात्रीचा आहे. तो काढण्याआधी मी माटोळीचे दोन फोटो पुसले होते.